पालथं ताट

मी सहावीत शाळा सोडली, धाकट्या भावाला सांभाळायला. म्हणून असेल, पण अजूनही शाळेच्या दारातून आत पाऊल टाकताना कुणाची तरी परवानगी घ्यावीशी वाटते. नवऱ्याला तेलंगणात, आदिलाबादच्या कापसाच्या जिनिंगमध्ये काम मिळालं आणि आम्ही सांगलीकडून इतक्या लांब आलो. इथल्या एका खेड्यातल्या मराठी शाळेत मला दुपारचं जेवण शिजवायचं काम मिळालं. माझी मुलगी त्याच शाळेत चौथीला आहे. पोरं मला ‘अक्का’ म्हणतात. शब्द तेलुगूतला, पण आमच्या सांगलीकडेही थोरल्या बहिणीला हेच म्हणतात; पहिल्यांदा ऐकला तेव्हा चुलीपुढे बसून मी डोळे पुसले होते.

शाळा सांभाळतात त्या मॅडम इथल्याच. त्यांचे आजोबा दुसऱ्यांच्या शेतात राबायचे, वडील तहसीलीत कारकून झाले आणि या हेडमास्तरीण. आवाज कधी चढत नाही. पण नियमाच्या पक्क्या. जेवायला ओसरीवर रांगेनं बसायचं, घरून आणलेलं ताट पुढे ठेवायचं, आणि वाढण्याआधी कुणाला संडासला जायचं असेल तर त्यानं आपलं ताट पालथं घालून जायचं. आलं की सरळ. ताटांवर नावं कोरलेली असतात, तेव्हा ओसरीवर एकदा नजर फिरवली की कोण उठून गेलंय ते कळतं.

मला हा नियम खुपायचा. आमच्याकडे भरल्या पंगतीत पालथं ताट ठेवत नाहीत. माझी आई तर पाहिलं की हातातलं काम टाकून धावायची. मॅडमना सांगायची माझी काय छाती? मी आपली भाताचं पातेलं नेता नेता गुपचूप ताटं सरळ करून टाकायची. इतके दिवस काही बिघडलं नव्हतं.

त्या दिवशी अंड्याचा वार होता; उकडलेली अंडी मॅडमनी भाताआधीच पोरांच्या हातात वाटली होती. दुसरे मास्तर मंडलाला, म्हणजे तालुक्याच्या गावी, मीटिंगला गेलेले, शाळेत मॅडम एकट्या. मी ओसरीवर आले तर पहिल्याच रांगेत माझ्या लेकीचं ताट पालथं. दुसऱ्याचं एक वेळ पाहवलं असतं. मी पायानं हळूच चटई सारखी केल्यासारखं केलं आणि वाकून ताट सरळ केलं.

तेवढ्यात चिंचेवर वानरांची झोंबाझोंबी झाली. वरची फांदी हलली आणि तिला लटकलेलं आग्या मोहोळ उठलं. आधी तो आवाज मला रस्त्यावरच्या ट्रकचा वाटला. मग पहिलं पोर किंचाळलं.

“आत! ताट डोक्यावर घ्या अन् आत!” मॅडम ओरडल्या. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. धावणाऱ्यांना त्यांनी एकाच खोलीकडे वळवलं, शेवटच्या दोघांना बखोटीला धरून ओढलं, मला पाठीत ढकललं आणि दार लावलं. खिडक्या बंद, फटीत सतरंजी. आत आलेल्या चार-सहा माशा वह्यांनी मारल्या. मग त्यांनी पोरांना भिंतीशी बसवलं आणि एकेकाच्या डोक्याला हात लावत मोजलं.

एक कमी.

मला मोजावं लागलंच नाही. खोलीत शिरल्याबरोबर मी तिलाच शोधत होते.

मॅडम खिडकीच्या काचेला नाक लावून ओसरीवर राहिलेली ताटं पाहू लागल्या. “पालथं एकबी ताट नाई,” त्या म्हणाल्या. “म्हणजे पोरगी पळाली. मागच्या शेतात गेली असन. वावरात एकटी सापडली तर...” वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. फटीतली सतरंजी ओढून अंगाभोवती घेतली. “अक्का, मी गेल्यावर कडी लावा. मग कोणी बी म्हनलं, मी म्हनलं तरी उघडू नोका.”

कडीवर त्यांचा हात गेला आणि माझ्या घशातून आवाज आला, “मॅडम, ताट पालथं होतं. मी सरळ केलं.”

“काय?”

“तिचं. मीच. आमच्यात चालत नाही म्हणून.”

त्या माझ्याकडे वळल्या. वाटलं, आता सगळ्या पोरांदेखत खरडपट्टी काढतील माझी. पण त्यांनी कडीवरचा हात काढला. “म्हणजे संडासात हाय,” त्या म्हणाल्या, आणि खांदे खाली आले त्यांचे. “पत्र्याचं दार, आतून कडी. आपल्यापेक्षा बरी हाय ती.”

मला ते कळत होतं, पण माझे पाय ऐकत नव्हते. मी खिडकीशी गेले, हाक मारायला तोंड उघडलं. मॅडमनी माझ्या तोंडावर हात दाबला. अंड्याचा वास येत होता त्या हाताला.

“हाक मारू नको. तुह्या आवाजावर ती दार उघडून पळत येईन, भर आंगणातून.”

रोज ‘तुमी’ म्हणणाऱ्या बाईनं मला ‘तू’ म्हटलं. मी खाली बसले आणि पदराचा बोळा तोंडात धरला.

मग गेटाशी गलका झाला. एक आजोबा पेटता पलिता घेऊन आले होते. “पोट्टे सोडा बाहीर! काऊन कोंडून ठेवले? धूर करतो मी!”

मॅडमनी खिडकी दोन बोटं उघडली. “बाबाजी, तुमचा नातू माह्यापाशी अंडं खाऊन राह्यला. तुमी धूर केला तर माशा आंगणात उतरतीन. तिथंच उभे राहा, अन् कोणाला आत येऊ देऊ नोका. हे काम तुमच्याकडं.”

आजोबांनी पलिता विझवला आणि गेट अडवून असे उभे राहिले की जणू ते गेट त्यांनीच बांधलंय. आत नातू म्हणाला, “मॅडम, अंडं तं मी खाल्लंच नाई, खिशात हाय.”

“मग खा. मले खोटं पाडतं का?”

पोरं हसली. त्या हसण्यात मी रडून घेतलं.

किती वेळ गेला, सांगता येणार नाही. मॅडम दर थोड्या वेळानं चिंचेकडे पाहायच्या आणि मान हलवायच्या. अजून नाही. एक पोर सुजलं होतं, त्याचे काटे त्या नखानं खरडून काढत होत्या, फोनवर डॉक्टरला विचारत होत्या, आणि एका हातानं माझा खांदा धरून होत्या. शिकलेलं माणूस म्हणजे ज्याला सगळं आधीच ठाऊक असतं, असं मला वाटायचं. या बाईला काहीच ठाऊक नव्हतं. जे नवीन कळत होतं, त्यावर ती दर वेळी पुन्हा ठरवत होती. मी पाहत राहिले.

माशा फांदीवर परत बसल्यावर त्या सतरंजी पांघरून निघाल्या. धावल्या नाहीत. अंगणातून एकेक पाऊल टाकत गेल्या, पत्र्याच्या दारावर टकटक केली, आणि सतरंजीत माझ्या लेकीला घेऊन तशाच सावकाश परत आल्या. लेकीला एकही डंख नव्हता. मॅडमच्या मनगटावर तीन.

दुपारी ताटं गोळा करताना मी म्हटलं, “मॅडम, उद्यापासून येऊ नको का?”

“काऊन? खिचडी कोन शिजवन?” मग ताटांकडे पाहत त्या म्हणाल्या, “तुमी सांगितलं नसतं तर मी वावरात शोधत फिरली असती. पण हे पालथं तुमाला खुपते, हे मला ठाऊक पाहिजे होतं. विचारलं नाई मी. ताटात खडा ठेवला तर चालन?”

माझ्या आयुष्यात शाळेनं मला प्रथमच काही विचारलं होतं. मी म्हटलं, “चालेल.”

संध्याकाळी लेकीची वेणी घालत होते. ती म्हणाली, “आई, मी कडीवर हात ठेवून उभी होते. तुझी हाक आली की पळणार होते.”

पेड सुटले हातातून. मी पुन्हा पहिल्यापासून घातले.