सुचेताने मंगळसूत्र वाढवलं

गोडदेवच्या सुचेताने वाइनचा ग्लास हातात धरला तो आयुष्यात पहिल्यांदाच, आणि तोही कुठे, तर चित्रकलेच्या क्लासात! मीरा रोडच्या एका कॅफेत वरच्या मजल्यावर शनिवारी संध्याकाळी बायकांना बसवतात, गळ्यात ॲप्रन अडकवतात, एका हातात ब्रश देतात आणि दुसऱ्यात वाइन. आमच्या वेळी ड्रॉइंगच्या तासाला नुसतं पाणी सांडलं तरी बाई कान पिळायच्या.

हे खूळ मिनलचं. ती आणि सुचेता भाईंदर पूर्वेला एकाच ड्रेस मटेरियलच्या दुकानात काउंटरला उभ्या असतात. तिसरी दिशा, सुचेताची शेजारीण. गुजराती, पण मराठी बोलायची हौस दांडगी. "एक दिवस नवऱ्यांना खिचडी लावू दे," असं मिनल महिनाभर म्हणत होती आणि सुचेता टाळत होती. आज सकाळी मात्र तिने स्वतःच फोन केला, "मी येतेय गं."

खिचडी लावायला नवरा होता कुठे? संदेश इलेक्ट्रिशियन. गेल्या वर्षी घर सोडून गेला. बिल्डिंगला सांगितलं, कंपनीच्या कामावर गुजरातेत दहेजला आहे. कसलं डोंबलाचं दहेज! खाडीपलीकडे नायगावला दुसरीबरोबर संसार थाटला होता मेल्याने. सुचेता हे कुणाला बोलली नाही ती सासूच्या शब्दाखातर. "बोलू नको गो कुनाला," कमळाबाईंनी तिचे हात धरले होते, "चार दिसांचा खूळ हाय त्याचा. येल परत." सुचेता आईवेगळी पोर. रत्नागिरीहून लग्न होऊन आली तेव्हापासून या बाईने तिला पोटच्या मुलीसारखं वागवलं होतं. मग तीही तोंड शिवून बसली.

आणि आज सकाळी फ्रिजमध्ये, मागच्या बाजूला सारलेल्या डब्यात, घुगऱ्या सापडल्या. बारशाच्या घुगऱ्या. बिल्डिंगमध्ये तर कुणाचं बारसं नव्हतं. काल म्हातारी देवळात जाते सांगून दिवसभर बाहेर होती. सुचेताने डबा समोर ठेवला, तेव्हा कमळाबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "नातू हाय माझा. काय करू मी?"

सुचेता तशीच उठली. देवासमोर बसून तिने गळ्यातलं काढलं, डबीत ठेवलं आणि ठरवलं, आज मिनलला सगळं सांगायचं. गिळून गिळून आता घशाशी आलं होतं.

पण सांगणार कधी? शिकवणारी सान्वी उत्साहाचं पोतं. तिने सगळ्यांना फ्लेमिंगोची जोडी काढायला लावली. सुचेताचा फ्लेमिंगो बघून दिशाने विचारलं, "ही कोंबडी अंड्यावर बसलीय काय?" तिघी हसल्या. वाइन सुचेताला नासलेल्या कोकम सरबतासारखी लागली, त्यावर पुन्हा हसल्या. किती दिवसांनी हसत होती बिचारी! बोलायला तोंड उघडलं की कुणीतरी गुलाबी रंग मागायचं, आणि शब्द पुन्हा आत जायचे.

एवढ्यात ओढणी सरकली. दिशाचं लक्ष गेलं.

"अरे, तुझं मंगळसूत्र किधर गया?"

सरळ 'काढलं' म्हणायचं होतं. तेवढ्यासाठीच तर ती आली होती. पण आपल्याकडे दिवासुद्धा विझवत नाहीत, बांगडीसुद्धा फुटली म्हणत नाहीत. नको तो शब्द जिभेवर यायलाच तयार होईना.

"वाढवलं," सुचेता म्हणाली.

"अरे वा! मोठं करून घेतलं? केटला ग्राम?" दिशाने टाळीच वाजवली. "संदेशभाईने चुपचाप पैसे पाठवले, हां! आता पार्टी पाहिजे!"

मिनलचा ब्रश थांबला. मंगळसूत्र आपोआप तुटून वाढलं आणि आपल्या हाताने वाढवलं, यातला फरक तिला कळत होता. ती सुचेताकडे बघतच राहिली. "दिशा, थांब जरा," ती म्हणाली, पण दिशा कसली थांबतेय! संदेशचा नंबर तर बिल्डिंगमधल्या प्रत्येकीकडे होता, फ्यूज उडाला की त्यालाच बोलवायचे. तिने फोन लावला, वर स्पीकरवर टाकला.

"संदेशभाई, पार्टी!"

पलीकडे बाळ रडत होतं. मग बाईचा आवाज आला. "ते खाली दूध आणायला गेलेत. मी त्यांची मिसेस बोलतेय. कोण आपण?"

दिशाचं तोंड उघडंच राहिलं. सुचेताने तिच्या हातातून फोन घेतला.

"राँग नंबर लागला, ताई," ती म्हणाली आणि फोन कट केला.

मग बांध फुटला. रंगाने माखलेल्या हातांनी तोंड झाकून ती ढसाढसा रडली. आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या. रडता रडता तिने सगळं सांगितलं, नायगाव, बाळ, घुगऱ्या. "तो गेला तेव्हा एवढं नाही गं तुटलं काही," ती म्हणाली. "पण आई जाऊन पाळणा हलवून आल्या. काल सकाळी माझ्या हातचा चहा पिऊन गेल्या, आणि तिथे पाळणा म्हटला असेल त्यांनी. आता ती मिसेस, ती सून. मग मी कोण गं, मिनल?"

दिशा "सॉरी, सॉरी" म्हणत स्वतःच रडायला लागली होती. मिनलने सुचेताला घट्ट धरलं.

"आज माझ्याकडे चल. त्या म्हातारीचं तोंडसुद्धा बघू नकोस."

सुचेताने ॲप्रनला डोळे पुसले. गालाला गुलाबी रंग लागला तो तिला कळला नाही. तिने पर्स खांद्याला लावली.

"नाही गं, जायला हवं. जेवायच्या आधी आईंना इन्सुलिन द्यायचंय. सुईला घाबरतात त्या. माझ्याशिवाय कुणाकडून टोचून घेत नाहीत."