तिसरं बटण

व्हॉल्व्हमामा आवाज ऐकायचे ते दातांनी. यात अलंकार वगैरे काही नाही. सूत गुंडाळायची एक जुनी लाकडी कांडी त्यांच्या खिशात कायम असे. तिचं एक टोक ॲम्प्लिफायरच्या खोक्यावर टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं, डावा तळहात खोक्याच्या पाठीवर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि भुवईनं मला खूण करायची की वाजवा. मी गिटारची तार छेडायचो. शुक्रवार पेठेतल्या त्या बोळात त्यामुळे बघ्यांची कधी वाण पडली नाही. एखादा नवखा माणूस थांबून मला विचारायचा, "ह्यांना काय होतंय?" मी सांगायचो, "आवाज तपासतायत." मग तो माझ्याकडेच काळजीनं बघायचा.

मी तेव्हा वीज कचेरीत कारकून होतो. विजेशी माझा संबंध डोक्यावरच्या पंख्यापुरता, आणि तोही बहुधा बंद असे. नोकरीतून उरलेल्या वेळात, म्हणजे जवळजवळ दिवसभर, मी शेट्यांच्या ऑर्केस्ट्राचा विचार करायचो. शेटे भुसार मालाचे व्यापारी. ऑर्केस्ट्रा त्यांच्या मालकीचा असल्यामुळे मुख्य गायकही तेच होते. गळ्याचा त्यात काही संबंध नव्हता. मी त्यात गिटार वाजवायचो. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. एका मित्राच्या घरी मी एक परदेशी रेकॉर्ड ऐकली. तिच्यातली गिटार स्वच्छ वाजत नव्हती. ती गुरगुरत होती, एकेक स्वर फाटत फाटत लांब जात होता. सोलापुरात असा आवाज काढणारा पहिला माणूस आपणच व्हायचं, असं मी त्या दिवशी ठरवलं. दुसरा कोणी होण्याची धास्ती मुळीच नव्हती, हे पुढे कळलं.

मामा विणकरांच्या घरातले. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. वीस वर्षं त्यांनी एका गिरणीत मागावर काढली आणि अर्धे कान तिथेच ठेवून ते बाहेर पडले. मग त्यांनी रेडिओ आणि लाउडस्पीकरची मशिनं दुरुस्त करायचं दुकान टाकलं. कमी ऐकू येणाऱ्या माणसानं आवाज दुरुस्त करायचं दुकान काढावं, यात सोलापूरला काही गैर वाटलं नाही, कारण मामांच्या हातून गेलेलं मशीन खरोखर चांगलं वाजायचं. लग्नाचे, मिरवणुकीचे, नाटकाचे लाउडस्पीकरवाले त्यांच्याकडे येत. दुकानाची सगळी पत त्या कांडीवर आणि त्या तळहातावर उभी होती.

मी माझी मागणी सांगितली.

"फाटलेला आवाज शिवून घ्यायला लोक येतेत माझ्याकडं," मामा म्हणाले. "तुमी फाडून घ्यायला आलाव व्हय?"

मी रेकॉर्डचं वर्णन केलं. तोंडानं गुरगुरून दाखवलं. आतून मामी डोकावून गेल्या.

"साहेब, डॉक्टराकडं जाऊन कुणी खोकला मागतंय का?" असं म्हणून मामांनी मला वाटेला लावलं.

आठव्या दिवशी त्यांनीच निरोप पाठवला. टेबलावर पत्र्याचा सांगाडा होता आणि त्यात व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असतात ते काचेचे दिवे, ओळीनं बसवले होते. एकाचा आवाज दुसऱ्याच्या तोंडात, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या, आणि प्रत्येकानं आधीच्यापेक्षा मोठ्यानं ओरडायचं, अशी ती रचना. "आमच्या घरात असंच हाय की," मामा म्हणाले. "म्हणून सुचलं." मी तार छेडली. समोरच्या किराणा दुकानदारानं बाहेर येऊन आभाळाकडे पाहिलं.

मला वाटलं काम झालं. मामांचं तिथून सुरू झालं. फाटका आवाज हा रोग आहे, हे त्यांचं मत शेवटपर्यंत कायम होतं. पण फाटायचंच तर नीट फाटलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. ते चिंधी हातात घेऊन मला समजावायचे, "नवं कापड फाडलं की टर्रकन फाटतंय, धागा न् धागा दिसतो. विरलेलं फाडलं की नुसता भुगा. तुमचा आवाज फाटू द्या, विरू देऊ नका." जाड तारेची परीक्षा वेगळी होती. तेव्हा कांडी खोक्यावर नुसती उभी करायची. ती चालत चालत कडेवरून खाली पडली तर आवाज 'गोधडी'. उभ्या जागी थरथरत राहिली तर 'चादर'. आणि बारीक तारेला दातांत झिणझिण्या आल्या तर 'पत्रा'. मामांना चादर हवी असे. "सोलापुरात राहून गोधडी वाजवता व्हय?" ही त्यांच्याकडची सगळ्यात जहाल शिवी होती, आणि ती मी पुष्कळ खाल्ली.

एका चादरीसाठी ते अख्खी दुपार घालवत. डबाभर जुने व्हॉल्व्ह, सगळे दिसायला सारखे. मामा त्यांना पेन्सिलीनं टिचकी मारायचे आणि लग्न जुळवणाऱ्याच्या गांभीर्यानं सांगायचे, "हा रागीट हाय. हा झोपाळू. ह्या दोघांना शेजारी बसवलं तर संसार चालंल." मी एकदा घाई केली तर एकच शब्द आला, "लेदू." त्यांचं नाही हे तेलुगूत आलं की त्यावर अपील नसे. मामी म्हणायच्या, "काचेच्या बल्बांचा स्वभाव वळखतेत. माझा अजून न्हाय वळखला." हे मामांना ऐकू जायचं नाही, किंवा न जाणं त्यांच्या सोयीचं असावं.

पण ऐकू येत नसलं तरी त्यांच्यापासून काही लपत नसे. शंभर मागांच्या धडधडाटात गिरणीची माणसं एकमेकांचे ओठ वाचून गप्पा मारतात, आणि वीस वर्षांत मामांची ती विद्या पक्की झाली होती. दुकानात बसल्या बसल्या ते रस्त्यापलीकडच्या नवरा-बायकोचं भांडण मला शब्दाशब्दानं सांगायचे. "तो म्हनतोय, तुझ्या भावाला सांगू नको. ती सांगनार. आता ती रडतीय, पण सांगनार." मला याची फार मौज वाटायची. ती गोष्ट लक्षात ठेवण्याइतकी अक्कल मात्र माझ्याजवळ नव्हती.

माझ्या मशिनाला तीन बटणं होती. मामांच्या भाषेत आवाज, जाडी आणि बारीक सुरांची धार. वाजवता वाजवता ती फिरवत राहण्याची मला खोड. इतर गिटारवाले पानाला चुना लावतात, मी बटणं फिरवायचो. मामा काही वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी मला गिरणीतली गोष्ट सांगितली. "नवा विणकर मागावर आला की त्याचा हात गप बसत न्हाय. ताण्याला, म्हंजी उभ्या धाग्यांना, वजन लावलेलं असतंय, ते उगं पुढं-मागं सरकवत बसतो आन् चांगलं चाललेलं कापड बिघडवतो. मग आमचा जॉबर, म्हंजी मुकादम, काय करायचा, त्याच्या हाताशी एक दुसरं वजन लोंबतं ठेवायचा. कशाला जोडलेलं न्हाय. तो दिवसभर तेच सरकवायचा. कापड बी चांगलं, तो बी खूश." मी पोट धरून हसलो. त्या नव्या विणकराची मला कीवही आली.

महिन्या-दोन महिन्यांनी मशीन मामांकडून तपासून यायचं. दर वेळी तिसरं, म्हणजे धारेचं बटण त्यांनी थेट दहावर नेऊन ठेवलेलं असे. दहाच्या पुढे आकडा नव्हता. पहिल्यांदा मला वाटलं, चुकून राहिलं असेल. तिसऱ्यांदा मला खरं कारण कळलं. मामांचे उरलेसुरले कानही गेले होते. बारीक आवाज त्यांना ऐकूच येत नव्हता, म्हणून बिचारे धार वाढवतच राहत होते. कार्यक्रमाआधी गुपचूप ते बटण दहावरून चारवर आणायचो. आवाज लगेच गोड व्हायचा. लोक येऊन हातात हात घेऊन म्हणायचे, काय आवाज आहे हो तुमचा. मी नम्रपणे मान झुकवायचो आणि मनात म्हणायचो, हा माझा कान. हे बाहेर फुटलं तर मामांचं दुकान बसेल, हेही मला चांगलं समजत होतं. एका म्हाताऱ्या माणसाची लाज आपण राखतो आहोत, याचं मला इतकं समाधान होतं की पुढे पुढे ते एकट्याला पेलेना.

अकलूजकडे एका साखर कारखान्याच्या आवारात आमचा कार्यक्रम होता. मामा पहिल्यांदाच आमच्याबरोबर आले, इस्त्रीचा सदरा घालून. त्यांना आपलं मशीन भरल्या मांडवात वाजताना बघायचं होतं. मांडवात तुडुंब माणसं, बाजूला जनरेटरची धडधड. मध्यंतरात शेटे घाम पुसत माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "गिटार लई झ्याक वाजायलीय आज. मामांनी कमाल केली बघा."

मामांनी. मला ते झोंबलं. तीन वर्षं पडद्याआड राहून केलेल्या माझ्या सेवेचं हे फळ. मी शेट्यांच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, "कसली कमाल? मामा ठार बहिरे झालेत. धार दहावर करून देतात. दर वेळी मी चारवर आणतो, म्हणून कानाला सोसवतं."

मान वर केली तर मांडवाच्या त्या टोकाला, खांबाला टेकून मामा उभे होते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या हातात कांडी होती, ती त्यांनी हळूच खिशात ठेवली. मी हात हलवला. त्यांनीही हलवला. मध्ये एवढी माणसं, एवढा जनरेटर, त्यांना काय ऐकू जाणार, असं म्हणून मी निर्धास्त झालो आणि उत्तरार्धात फार सुंदर वाजवलं.

शेट्यांच्या पोटात धान्याशिवाय काही टिकत नसे. पंधरा दिवसांत बातमी पेठभर झाली. लाउडस्पीकरवाले एकेक करून आपली मशिनं घेऊन गेले. बहिऱ्याकडे आवाज कोण दाखवणार? मी महिन्यानं गेलो तेव्हा दुकानाला कुलूप होतं. मामी बाजूच्या दारात उभ्या होत्या.

"दुकान मोडलं," त्या म्हणाल्या. "पूर्व भागात पुतण्याच्या मागावर जातेत आता."

"का पण?"

"अकलूजहून आल्यापासून कांडीला हात लावला न्हाय. इचारलं तर म्हनले, ज्याच्यासाठी केलं, त्यालाच न्हाय कळलं."

तेव्हा मला रस्त्यापलीकडचं ते नवरा-बायकोचं भांडण आठवलं. तरीही मी मामांकडे गेलो नाही. आपण बोललो ते खरंच होतं, नको त्याला ते दिसलं एवढंच, अशी मी स्वतःची समजूत घातली. वीज कचेरीत राहून ही कला चांगली साधते.

सहा महिन्यांनी मशीन बंद पडलं. सोलापुरात आता त्याला हात लावणारा कोणी नव्हता, म्हणून ते घेऊन पुण्याला एका मेकॅनिककडे गेलो. त्यानं मागचा पत्रा काढला, बराच वेळ आत बघत राहिला आणि म्हणाला, "हे तिसरं बटण कशासाठी ठेवलंय?"

"ते धारेचं," मी म्हणालो. "दहावर फार टोचतं. चारवर बरोबर येतं."

"अहो, हे कशालाच जोडलेलं नाही. नुसतं फिरतं. धार आत कायमची बांधून टाकलीय, आणि ज्यानं बांधलीय तो उस्ताद आहे. इथं कधी तार लागलेलीच नाही, बघा, सोल्डरचा डागसुद्धा नाही." मग त्यानं विचारलं, "जोडून देऊ का?"

मी नको म्हणालो. गिरणीतला तो नवा विणकर मला दिसत होता, दिवसभर वजन सरकवणारा. तीन वर्षं लोकांनी वाखाणलेला प्रत्येक स्वर दातांनी ऐकणाऱ्या त्या माणसाचा होता, आणि मी त्याला बहिरा ठरवून दुकानाबाहेर काढलं होतं. इतकी लाज मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही.

त्याच आठवड्यात मी पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये आठ माग चालू होते. आत पाऊल टाकलं आणि माझे प्रसिद्ध कान जागीच संपले. मामा शेवटच्या मागावर होते. मी त्यांच्यापुढे जाऊन म्हणालो, "मामा, चुकलं माझं. मशीन उघडून बघितलं." ओरडलो की पुटपुटलो, माझं मलाच कळलं नाही. त्यांना फरक पडत नव्हता, त्यांनी ते माझ्या ओठांवरून वाचलं. मग ते बोलू लागले. चांगली चार-पाच वाक्यं बोलले. मी त्यांच्या ओठांकडे बघत राहिलो. एक अक्षर कळलं नाही. मला माफ केलं की शिव्या दिल्या, की पुन्हा गोधडी म्हणाले, काही कळलं नाही. मी दोनदा "काय?" म्हणालो. शेवटी त्यांनी डावा तळहात माझ्या पाठीवर ठेवला, खोक्यावर ठेवायचे तसाच पसरून, आणि थोडा वेळ राहू दिला. तेवढ्यात मागावर धागा तुटला आणि ते तिकडे वळले.

काय निदान झालं, ते कळायचं राहूनच गेलं. दोन वर्षांनी मामा वारले. मामींनी कांडी मला दिली. तिच्या एका टोकावर दातांच्या खुणा आहेत. मामांची फार आठवण येते. विशेषतः कोणी माझ्या कानाची तारीफ केली की येते, आणि लोक अजून करतात.

मशीन चालू आहे. तिसरं बटण मी जोडून घेतलेलं नाही. वाजवायला बसण्याआधी ते दहावर नेतो आणि मग सावकाश चारवर आणतो. आवाज लगेच गोड होतो.