शेजारची जागा

पाच जणांना एका ओळीत बसवायचंय, त्यातले दोघं एकमेकांशेजारी बसत नाहीत, तर किती प्रकारे बसवता येईल? असलं गणित समोर आलं की आम्ही बाकीचे पेन्सिल उचलायचो आणि काऊनभाऊ पेन्सिल खाली ठेवायचा. "पन काऊन बसत नाईत हे दोघं? आधी ते सांग." बँकेच्या कारकुनाच्या परीक्षेत एका गणिताला जेमतेम पाऊण मिनिट मिळायचं, आणि हा भला माणूस कागदावरच्या दोघांचं भांडण मिटवायला निघायचा. त्याचं खरं नाव निराळं होतं, पण दर वेळी 'काऊन', म्हणजे 'का', विचारायच्या या सवयीपुढे ते कुणाच्या लक्षात राहत नसे.

चंद्रपूरला एका खोलीत आम्ही दोघं दोन वर्षं राहिलो. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा, मूल गावाकडच्या बौद्ध घरातला. लाकडाच्या डेपोत रोजंदारीवर ओंडके मोजायचा. मी सिंदेवाहीकडच्या धानवाल्या शेतकऱ्याचा पोरगा, बीकॉम होऊन रिकामा बसलेला. भात तो रांधायचा, भांडी मी घासायचो, आणि जेवायचो दोघं भाताच्या एकाच गंजातून. त्या खोलीत मी फार सुधारलेला होतो.

ही गणितं मला त्यानंच शिकवली. आगपेटीच्या पाच काड्या तो जमिनीवर मांडायचा. "आधी पाचहीले बसव. कोनाले बाहेर ठेवू नको. रुसवेफुगवे मंग वजा कर." अशा होतात एकशे वीस ओळी. मग भांडणाऱ्या दोन काड्या दोऱ्यानं एकत्र बांधायच्या. त्यांच्या होतात अठ्ठेचाळीस. त्या वजा केल्या की राहतात बहात्तर. दोरा सोडताना मात्र त्याची गाडी पुन्हा मूळपदावर यायची. "बांधल्यावर बसतेत ना लेकाचे शेजारी! मंग काऊन?" मी त्याची भरपूर टिंगल करायचो.

नागपूरला परीक्षेला बरोबरच गेलो. नेमकं तसलंच गणित आलं. मनातल्या मनात काड्या मांडून मी उत्तरावर खूण केली आणि पुढे पळालो. बाहेर आल्यावर कळलं, भाऊचा पाव पेपर कोरा राहिला. मी लागलो, तो राहिला. निकालाच्या दिवशी डेपोत माझ्या नावाचे पेढे मात्र त्यानं वाटले.

नोकरीचं जेवण बाबांनी गावी घातलं. आदल्या दिवशी त्यांनी मला एवढंच विचारलं, "तुहा दोस्त कुठी बसन?" 'पंगतीत, माझ्याजवळ' म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी म्हणालो, "त्याले टेबल-खुर्ची लावू. पाहुना मानूस हाये." मला कुणी सांगितलं नव्हतं. शाळेतून खुर्ची मीच उचलून आणली, मांडवाबाहेर गोठ्याच्या बाजूला टेबल मीच मांडलं आणि त्यावर धुतलेली चादर घातली, म्हणजे मान दिल्यासारखं दिसावं.

भाऊ नवा शर्ट घालून सायकलनं आला. मला द्यायला पेन आणलं होतं. "भाऊ, इथी आरामात बस," मी म्हणालो. त्यानं पंगतीकडे पाहिलं, मग टेबलाकडे. आता तो प्रश्न येणार, म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं: मांडवात जागा कमी पडली. त्यानं विचारलंच नाही. कागदावरच्या माणसांसाठी जीव टाकणारा तो माणूस स्वतःसाठी गप्प बसला आणि जेवला. "भाजी चांगली झाली," म्हणाला. उठून आपलं ताट त्यानं हातपंपावर स्वतः घासलं आणि पालथं घालून ठेवलं. खोलीवर भांडी घासायचं काम माझं होतं. मी जवळच वरणाची बादली धरून उभा होतो, हललो नाही. त्या न हलण्याची लाज मला आजही वाटते.

त्यानंतर मी त्याला पत्र लिहिलं नाही. काय लिहिणार होतो?

दोनेक वर्षांनी चंद्रपूरहून गडचिरोलीला निघालो होतो. एसटीत चढून तिकीट काढलं, वळलो, तर खिडकीशी काऊनभाऊ. मांडीवर पोरांच्या वह्यांचा गठ्ठा; गडचिरोलीकडे आश्रमशाळेत मास्तर झाला होता. मला पाहून त्याचा चेहरा खुलला. शेजारच्या जागेवरची पिशवी उचलून तो म्हणाला, "ये बाबू, बस इथी."

मनात काही ठेवून बोलला असता तर मी बसलो असतो. पण तो मनापासून बोलावत होता, आणि त्याच्या शेजारी बसायचं तोंड मला राहिलं नव्हतं. "मूललेच उतरतो भाऊ, उभाच राह्यतो," मी म्हणालो. त्यानं माझ्या हातातल्या गडचिरोलीच्या तिकिटाकडे पाहिलं. पिशवी मात्र मूलचा थांबा येईपर्यंत मांडीवरच धरून ठेवली. ती जागा त्यानं कुणाला दिली नाही.

मूलला मी खरोखरच उतरलो. भाऊनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि हळूच विचारलं, "बाबू, काऊन?"

गाडी अजून पाऊण मिनिट तरी तिथं उभी होती. उत्तर मला येत होतं. मी ते दिलं नाही.