वस्तीच्या दारात सरकलेले दगड

सुरतेजवळच्या उधन्याकडची ती दगडांची केस अजून डोक्यातून जात नाही, आणि आठवली की आजही तिडीक उठते. नावं कुणाची लिहीत नाही. ज्यांची लिहायला हवीत ते हे वाचणार नाहीत.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मी नवा फौजदार. खाकी चढवण्याआधी कामगारांसाठी पत्रकं लिहायचो, म्हणून ठाण्यात माझं नाव ‘भाषणवाले साहेब’ पडलं होतं. मागाच्या कारखान्यांलगत खानदेशी कामगारांची एक वस्ती होती. तिथे बस येत नव्हती, कारण रस्ताच नव्हता. अडलेल्या बाईला हातगाडीवर घालून हमरस्त्यापर्यंत ढकलत आणायचं, ही तिथली रीत. शेवटी पंचायतीने रस्ता मंजूर केला. तो वस्तीसमोरच्या मोकळ्या शेतातून जायचा होता. आखणीचे दगड रोवले, त्यांच्या डोक्यांना लाल रंग फासला. शेत पंचायतीच्याच एका सभासदाचं होतं. सगळी मेख तिथे होती.

उन्हाळा सरता सरता पंचायतीचा ओव्हरसिअर फिर्याद घेऊन आला. म्हणाला, आखणीत येणाऱ्या घरांना नोटिसा द्यायला गेलो, तर एका मागवाल्याने दगड उपटून फेकला, शिपायाला ढकललं. सरकारी कामात अडथळा. मागवाला लॉकअपमध्ये आला.

"दगड उपटलास?" मी विचारलं.

"उपटला. पण तो माझ्या दारात कसा आला ते विचारा ना साहेब. आधी समोरच्या शेतात होता."

जमादार हसला. "दगडाला पाय फुटले होय रे?"

"पाय नाही फुटले जमादार. कुणीतरी कडेवर घेतला त्याला."

ओव्हरसिअरकडे नकाशा मागितला. "नकाशा जिल्ह्याला गेलाय, यायला वेळ लागेल." घरं मात्र सोमवारीच पाडायची! नकाशाला सवड आणि घणाला घाई. असलं काही ऐकलं की माझ्यातला पत्रकवाला जागा व्हायचा.

दुपारी मागवाल्याची बायको भाकरी घेऊन ठाण्यात आली. "दादा, सोमवारले घर पाडतीन. धनी आठे कोंडेल. मी पोरेसले लिसन कोठे जाऊ?" दगड कधी सरकले, असं विचारल्यावर ती म्हणाली, "आखाजीले आम्ही समदा गावले गयथूत. ईसन दखं तं दगड दारमा!"

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या सणाला सुरतेचा खानदेशी माणूस दाराला कुलूप लावून गावची गाडी धरतो. वस्ती ओस पडते. हे ज्याला माहीत होतं, त्याने तोच मोका साधला होता.

मी साध्या कपड्यात वस्तीच्या तोंडावरच्या चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, जाऊन बसलो. लारीवाला सुरतीच. त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं, मग कप विसळत बोलला. "आखातीजला ट्रॅक्टर आला होता, साहेब. भर बपोरे, डोक्यावर ऊन असताना! दगड भरले, इकडे आणून उतरवले. सभासदशेठचाच ट्रॅक्टर. माझं नाव लेता नहीं हं, मला इथेच धंदा करायचाय."

तिथून थेट शेतात गेलो. खड्डे बुजवून वर नांगर फिरवलेला. पण मधोमध कडुनिंबाखाली एक दगड उभा होता. शेंदराने माखलेला, पुढे नारळाच्या करवंट्या. वस्तीतल्या बायका रोज त्याला पाणी घालत होत्या. शेतातल्या झाडाखाली लाल डोक्याचा दगड दिसला, म्हणजे तो म्हसोबाच, असं त्यांनी धरलं होतं. मी देवधर्म न मानणारा माणूस. शेंदूर खरवडायला नख लावलं, तशी मागून पाण्याचा तांब्या घेऊन आलेली मागवाल्याची बायको ओरडली, "ओ दादा! देव शे तो!"

"वहिनी, तुमचा धनी सुटेल. खाली काय आहे तेवढं बघू द्या."

 मग पदर ओला करून तिनेच हलक्या हाताने एक बाजू पुसली, अंघोळ घालावी तशी. खाली पंचायतीची छिन्नीने कोरलेली खूण होती. दारातल्या दगडांवर होती तीच.

ट्रॅक्टरवाल्याला ठाण्यात आणलं. जमादाराने पट्ट्याला हात घातला. मी त्याला दोन चहा सांगायला पाठवलं. मार खाल्लेला माणूस आपल्याला हवं ते बोलतो. मला खरं हवं होतं.

"शेणखत टाकायला गेलो होतो, साहेब."

"बरं. मग सगळे दगड हलवलेस, निंबाखालचाच का सोडलास?"

त्याने कप खाली ठेवला. "त्याला कोण हात लावणार? मीबी खानदेशचाच ना, साहेब. शेठनी शिव्या दिल्या, तरी नाही लावला." बोलून गेला, आणि मग त्याचं त्यालाच कळलं. जबाबावर अंगठा देताना तो रडत होता.

पंच बोलावले, पंचनामा केला. मागवाला रविवारी सुटला. जिल्ह्याला गेलेला नकाशा एका दिवसात ओव्हरसिअरच्या कपाटात सापडला! त्यात रस्ता निंबाखालूनच जात होता. सोमवारी घण आले नाहीत. सभासदाचं काय झालं? काही नाही. त्याने ट्रॅक्टरवाल्यावर ढकललं आणि मोकळा झाला. माझी बदली झाली.

या केसने मला एवढं शिकवलं: सरकारी शिक्क्याची फिर्याद आली, तर शिक्का बघू नका, जागा बघा. नकाशे साहेबांच्या कपाटात राहतात, माणसं जमिनीवर राहतात.

पहिली बस आली त्या दिवशी मी रजा टाकून गेलो होतो. मूळ आखणीने रस्ता करताना म्हसोबा मध्ये येत होता. ठेकेदार घाबरला होता, पण बायकांनी स्वतःच वाजतगाजत देव उचलून थांब्याशेजारी बसवला होता. उद्घाटनाला हार घालून कोण उभा? तोच सभासद. भाषण झालं, आणि तो म्हसोबापुढे नारळ फोडायला वाकला. मागवाल्याच्या बायकोने त्याच्या हातातून नारळ काढून घेतला, नीट पदराने पुसला आणि त्याच्या मोटारीच्या सीटवर परत नेऊन ठेवला.

"देव आम्हना शे, शेठ," ती म्हणाली, आणि बसमध्ये चढली.