दिला कुणी?

कुणी चांगली बातमी सांगितली की कोच लगेच अभिनंदन करत नसत. हातातला चहाचा ग्लास खाली ठेवत, मान जराशी तिरकी करत आणि विचारत, "दिला कुणी?"

माझ्या मुलीला हव्या त्या शाळेत प्रवेश मिळाला, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. मी म्हटलं, "तिनेच अभ्यास केला."

"ते झालंच ओ मास्तर. पण रोज गणित घेऊन बसलं कोण?"

आत भांडी लावत असलेली माझी बायको थांबली. आमच्या घरात हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

परदेशातल्या या शहरात, बुकित पंजांग नावाच्या वस्तीत, कोचचा आणि माझा ब्लॉक समोरासमोर. तांजोंग पगार या भागातल्या एकाच कंपनीत ते टेस्टिंगचे मॅनेजर आणि मी माहितीपुस्तिका लिहिणारा. लिहितो म्हणून त्यांच्या लेखी मी मास्तर. ते मूळचे कोल्हापूरचे. तिथल्या पेठांच्या तालमी कुस्तीइतक्याच ईर्षेने फुटबॉलचे संघ उतरवतात. कोच एकविसाव्या वर्षापर्यंत अशाच एका तालमीकडून पुढच्या फळीत खेळले. मग गुडघा गेला. तालमीतल्या थोरल्या वस्तादांनी त्यांच्या हातात वही दिली आणि सांगितलं, गोल कुणी मारला ते अख्खं गाव बघतंय. तू एवढंच लिहायचंस, पास दिला कुणी.

"खेळत होतो तोवर मला नुसता बॉल दिसायचा," ते म्हणत. "वही हातात आली आणि खेळ दिसायला लागला."

आमच्या ब्लॉकमागे एका कॉलेजचं मैदान आहे. २०११ साली नवीन आले तेव्हा ते शनिवारी सकाळी जाळीबाहेर उभे राहून सराव पाहत. एकदा बॉल जाळीवरून बाहेर आला. त्यांनी तो परत मारला. जवळच्या गोलकीपरकडे नव्हे, तर पार पलीकडे एकटा मोकळा उभा असलेल्या मुलाच्या पायात. मैदानावरचे वयस्कर चिनी हेड कोच जाळीपाशी आले.

"कुठे खेळायचास?"

"कोल्हापूर."

"ते कुठं आलं?"

"पुण्याच्या खाली."

पुढच्या शनिवारी ते जाळीच्या आत होते. पहिलं वर्ष केशरी कोन मांडण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी पुढच्या फळीची तीन मुलं त्यांच्या हवाली झाली, तिसऱ्या वर्षी सगळी आघाडी. हे सारं बिनपगारी. एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, कंपनीच्या नावाचा, त्यावर दुसरीकडे नोकरी करता येत नाही. ते हसून म्हणत, "या देशात माझा पास दुसऱ्याच्या हातात. मैदानावर तरी माझ्या पायात हाय."

त्यांची शिकवण्याची जागा म्हणजे हॉकर सेंटर, एका छपराखाली खाण्याच्या टपऱ्या आणि टेबलं. वीज पडण्याचा इशारा देणारा भोंगा वाजला की मैदान रिकामं करावं लागतं, तेव्हा सगळी फौज तिथे जाऊन बसे. इथे जेवायला टेबल धरायचं तर लोक खुर्चीवर टिश्यूचं पाकीट ठेवून रांगेत जातात. त्या जागेवर मग कुणी बसत नाही. कोचना या रीतीचं फार कौतुक. चहाचे ग्लास म्हणजे समोरचे बचावपटू, त्यांच्या मधोमध ते एक पाकीट ठेवत.

"बॉल येण्याआधी जागा धरायची. तुमची आई काय करती? आधी पाकीट, मग नूडल्स."

मुलं हसत, आणि पुढच्या सामन्यात नेमकं तसंच पळत.

गोल झाला की ते मैदानाकडे पाहून ओरडत, "दिला कुणी?" मराठी कुणालाच येत नव्हती. बऱ्याच दिवसांनी फैझल नावाच्या एका मलाय मुलाने अदबीने विचारलं, "कोच, हा दिलाकुनी कुठल्या क्लबचा?" भारतातला कुणी थोर खेळाडू असावा आणि चांगला गोल झाला की कोचना त्याची आठवण येत असावी, असा सगळ्यांचा समज झाला होता. कोचनी चेहरा गंभीर ठेवला. म्हणाले, "कोल्हापूरचा. त्याच्यासारखा दुसरा झाला नाही." घरी येऊन मला सांगताना मात्र डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. तो गैरसमज त्यांनी कधीच दूर केला नाही.

मग वयस्कर हेड कोच निवृत्त झाले आणि कॉलेजने यांना अर्ज करायला सांगितलं. निवड झाली तर कंपनी सोडायची आणि कॉलेज नव्या पाससाठी अर्ज करणार. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी कोचिंग हाच त्यांचा धंदा होणार होता. वर्षानुवर्षं जाळीबाहेरून आत सरकत आलेला माणूस आता शेवटच्या दारात उभा होता. बायोडेटा मी लिहायला बसलो. पदांच्या रकान्यात त्यांनी सांगितलं, "लिहा की, पहिलं वर्ष, कोन मांडणे." मी ते ‘सराव-सहायक’ केलं. ते नाराज झाले. "मांडलेत ओ मी. सरळ रेषेत मांडलेत."

अर्जाच्या शेवटच्या दिवशी ते माझ्याकडे आले. म्हणाले, "मास्तर, शिफारसपत्र लिहायचंय. फैझलसाठी."

फैझल तोवर शिकून बाहेर पडला होता, एका शाळेत खेळ शिकवत होता आणि शनिवारी यांच्या मदतीला येत होता. मला राग आला. चार पानं मी जीव लावून लिहिली होती.

"माझा पास दोन दोन वर्षांचा," ते म्हणाले. "आज मिळंल, उद्या वाढवून नाही दिला तर पोरं अर्ध्यावर सुटणार. तो इथलाच हाय. त्याला कोण हलवणार?"

"आणि तुम्हाला? तुम्हाला नको होतं का?"

"हवं होतं की. लई हवं होतं. गोलपुढं उभा हाय, बॉल पायात हाय. पण तो जास्त मोकळा हाय. काय करू?"

स्वतःच्या अर्जाबद्दल फैझलला कळू द्यायचं नाही, एवढं वचन त्यांनी माझ्याकडून घेतलं. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी फैझलला जेवायला बोलावून त्याला भाकरी मोडायला शिकवली.

हेड कोच झाल्यावर फैझलने पहिलं काम काय केलं असेल? पाठीवर ‘अटॅक कोच’ छापलेला टीशर्ट त्यांना आणून दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं पद कुठेतरी छापलं गेलं. तो घालून ते मराठी मंडळींच्या गणपतीला आले.

"अहो, आरतीला तरी कुर्ता घालायचा," वहिनी म्हणाल्या.

"देवालाबी कळू दे की."

पुढच्याच वर्षी कॉलेजने स्पर्धा जिंकली. फोटोत कोच एका कडेला आहेत, कारण टीशर्टची पाठ दिसावी म्हणून ते अर्धवट वळून उभे राहिले होते.

२०१८ च्या मार्चमध्ये ऑफिसातून परतताना ते एलआरटीत, वस्तीतल्या छोट्या ट्रेनमध्ये, बसल्या जागी गेले. आमच्याकडची एलआरटी वस्तीभोवती गोल फिरते. शेजारच्या बाईंना वाटलं, दमून झोपलेत. त्या उतरल्यावरही गाडी त्यांना घेऊन आणखी एक फेरी फिरली.

त्यानंतरच्या पहिल्या सामन्याला मी गेलो. फुटबॉलमधलं मला आजही फारसं कळत नाही. राखीव खेळाडूंच्या बाकाच्या टोकाला जागा दिसली म्हणून वळलो, तर एका मुलाने अडवलं. "अंकल, तिथे नको. ती सीट धरलेली आहे."

पाहिलं, तर फळीवर टिश्यूचं पाकीट होतं.

मी बाकामागे उभा राहिलो. उत्तरार्धात गोल झाला आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "दिला कुणी?" फैझल गर्रकन वळला. म्हणाला, "अंकल, तुम्ही पाहिलंय त्याला खेळताना? दिलाकुनीला?"

मी त्याला सांगितलं की तो खेळाडू नव्हे. तो प्रश्न आहे. पास कुणाकडून आला, एवढाच.

फैझलच्या गळ्यात हेड कोचची शिट्टी होती, ती त्याने मुठीत धरली. मग माझ्याकडे न बघता, त्याने विचारलं, "धिस जॉब..." आणि मग एकेक अक्षर जपून उच्चारत, मराठीत, "दिला कुणी?"

मी कोचना वचन दिलं होतं. मी फक्त बाकाच्या टोकाकडे, त्या टिश्यूच्या पाकिटाकडे पाहिलं.