कौसाबाईनं वाचलेली ओळ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायको होती तोवर तिलाही नाही. तिला तर मी काय काय सांगितलं होतं — तपासणीला साहेब येणार म्हणून ताप आल्याचं सोंग घेऊन मी एकदा दोन दिवस अंथरुणात पडून राहिलो, तेसुद्धा. हे मात्र नाही. सांगायला बसलो की चहा प्यावासा वाटतो, चष्मा पुसावासा वाटतो. आज चहा पिऊन झालाय. चष्माही पुसलाय.

आजच का? वाऱ्यामुळं. दिवाळी होऊन दोन आठवडे झाले. एव्हाना स्वेटर बाहेर निघायला हवेत, आणि मी इथं लातुरात, मुलाच्या घरी, भर दुपारी पंखा पाचवर ठेवून बसलोय. सकाळपासून गरम, कोरडा वारा सुटलाय. दोरीवरचे कपडे तासाभरात वाळून कडक होतात. सदरा काढताना अंगावर चटचट आवाज येतो. सूनबाई म्हणाली, बाबा, परवापासून कडाक्याची थंडी पडणार आहे म्हणे, मोबाइलवर आलंय. मी बरं म्हणालो. हा वारा मला मोबाइलनं सांगायला नको. सहा वर्षांपूर्वी असाच सुटला होता.

मी शिक्षक होतो. मुखेड तालुक्यातल्या एका गावात बत्तीस वर्षं शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर तिथंच राहिलो. रिकामपण मला सोसत नाही. शाळेतून बाद झालेला एक फळा मागून घेतला, पाराला टेकवून ठेवला आणि त्यावर रोज सकाळी हवामान लिहायला लागलो. माझ्या घराच्या गच्चीवर एक बांबू होता, त्याला जुन्या धोतराची पट्टी बांधलेली — वारा कुठून येतो ते कळायला. ओसरीत तापमापक. थोडं मोबाइलवरचं, थोडं माझं. हळूहळू गावाला सवय लागली. शेतात जाणारा माणूस पाराजवळ थांबायचा, वाचायचा, मग पुढं जायचा. मला त्याचा अभिमान होता. फार होता, हेही आताच सांगून टाकतो.

त्या थांबणाऱ्यांत कौसाबाई होती. पन्नाशीची विधवा, दोन एकर रान, सगळं एकटीनं करायची. एकदा मुखेडच्या स्टँडवर चुकीच्या गाडीत बसून ती देगलूरला पोचली होती. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात येऊन म्हणाली, "गुर्जी, मला पाटी वाचाया शिकवा. गाडीची पाटी. बाकी काई नको." तेव्हा मी उन्हाळ्यात दुपारी शाळेच्या व्हरांड्यात मोठ्या माणसांचा वर्ग घ्यायचो. सुरुवातीला बारा जण होते. आखाडापर्यंत ती एकटी उरली. पण शिकली. ‘मुखेड’ हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा तोंडाला पदर लावून हसत सुटली. ग्रामसभेच्या रजिस्टरात अंगठ्याऐवजी सही केली त्या दिवशी तिनं मला घरी बोलावून शिरा खाऊ घातला. फळा ती रोज वाचायची. बोट हवेत धरून, एकेक अक्षर जुळवत, मोठ्यानं. लोक हसायचे. ती वाचायची.

त्या वर्षी सोयाबीनची कापणी उशिरा झाली. दिवाळीनंतरही रानारानात गंजी रचलेल्या होत्या आणि मळणी यंत्र या गावातून त्या गावात फिरत होतं. आणि मी एका सकाळी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं — उद्या जोराचा पाऊस, गंजी झाका, मळणी थांबवा. खाली दोन रेघाही ओढल्या. गावानं ऐकलं. ताडपत्र्यांसाठी धावाधाव झाली. मन्मथअप्पांच्या रानात यंत्र येऊन उभं होतं, त्यांनी ते परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. तिसऱ्या दिवशी त्याहून लख्ख.

मन्मथअप्पांचं किराणा दुकान पारासमोरच. माणूस वाईट नाही, पण त्यांचं यंत्र गेलं होतं, गंज तशीच पडली होती आणि ते चिडलेले होते. हॉटेलात सगळ्यांसमोर म्हणाले, "गुर्जी, तुमचा पाऊस मुक्कामी गाडीनं येनार हाय का?" सगळं हॉटेल हसलं. मीही हसलो. बत्तीस वर्षं माझ्यासमोर कुणी हसलं नव्हतं हो. वर्गात टाचणी पडली तर ऐकू यायची. आणि आता माझ्याच हातच्या छड्या खाल्लेले लोक पोटं धरून हसत होते. मला ते लागलं. इतकं का लागावं? पाऊस चुकला म्हणून कुणाचं नाक कापलं जातं का? पण लागलं खरं. त्या दिवसापासून फळ्याकडे कुणी बघेनासं झालं.

कौसाबाई सोडून.

त्यानंतर दोन दिवसांनी हा वारा सुटला. सकाळी गच्चीवर गेलो तर धोतराची पट्टी वायव्येकडून ताठ उभी होती. तापमापकातला पारा कार्तिकात नसावा इतका वर. शेजारच्या रानात उभ्या राहिलेल्या सोयाबीनच्या शेंगा आपोआप तडकत होत्या, त्यांचा आवाज गच्चीपर्यंत येत होता. मला सगळं कळलं. उत्तरेकडून थंडी उतरते आहे, तिच्यापुढं हा वारा पळतोय, दोन दिवस राहील, आणि या दोन दिवसांत एखादी ठिणगी पडली तर रान हाती लागणार नाही. कळलं नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही.

पाराजवळ गेलो आणि लिहिलं — आज-उद्या वारा. शेतात जाळ करू नका.

लिहून मागं सरकलो. पारावर कुणी नव्हतं. हॉटेल उघडायचं होतं, अप्पांच्या दुकानाला कुलूप. मला कुणी काही बोललं नाही, हे नीट ध्यानात घ्या. पण मला अप्पांचा चेहरा दिसला. आता काय, पावसानंतर आगीची वर्दी का गुरुजी, हे वाक्य मी स्वतःच रचलं आणि स्वतःच ऐकलं. उद्या आग लागली नाही तर? आग रोज थोडीच लागते? आणि नाही लागली की पुन्हा हसू. मी तळहातानं ती ओळ पुसली. तिच्या जागी लिहिलं — हवा कोरडी. परवापासून थंडी. यात चुकण्यासारखं काही नव्हतं.

हात झटकत होतो तेवढ्यात कौसाबाई आली. बोट धरून वाचलं, "ह-वा को-र-डी." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "म्हंजी थंडीच्या आत हरभरा पेराया पायजे. जमिनीतली वल पळून चाललीय. आज धुरा साफ करून घेते."

धुरा साफ करणं म्हणजे काय, हे आमच्याकडं लहान मुलालाही माहीत असतं. बांधावरचं वाळलेलं गवत पेटवून द्यायचं. मला माहीत नव्हतं का? मी "हं" म्हणालो. तेवढंच. एक शब्द अजून बोललो असतो तर — पण तो बोललो नाही, आणि ती गेली.

दुपारी दोनच्या सुमाराला गच्चीवरून कौसाबाईच्या रानाकडं धूर दिसला. गावात ओरडा झाला आणि मिळेल ती घागर, बादली, भिजवलेलं पोतं घेऊन माणसं पळाली. मीही पळालो. रानाकडं जायची वाट पारावरूनच जाते. पाराशी आलो तेव्हा गाव रिकामं झालं होतं. दुकान उघडं टाकून अप्पा गेले होते. आणि मी थांबलो.

इथवर जे सांगितलं ती भीती होती, भ्याडपणा होता. माणसाकडून होतो. पुढचं सांगायला मला सहा वर्षं लागली.

मी खिशातून खडू काढला. ‘हवा कोरडी’ तेवढं पुसलं. आणि सकाळची ती ओळ पुन्हा लिहिली. आज-उद्या वारा. शेतात जाळ करू नका. अक्षर बिघडू दिलं नाही. शिरोरेघ सरळ ओढली. तिकडं आग बांधाबांधानं पळत होती आणि मी इथं शिरोरेघ ओढत होतो. मग रानात गेलो आणि ओलं पोतं घेऊन इतरांसारखाच आगीवर मारत राहिलो. या वयातही गुरुजी कसे धावले, असं नंतर लोक म्हणाले.

कौसाबाईच्या बांधाला लागूनच अप्पांचं रान, त्यांची गंज गेली. चार महिन्यांचं पीक पाऊण तासात काळं झालं. मी पाऊस सांगितला नसता तर ते सोयाबीन कधीच मळून घरी पोचलं असतं, हेही माझ्याच नावावर. कौसाबाईचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. लोक पोचेपर्यंत ती एकटीच लुगड्याच्या पदरानं आग विझवत बसली होती.

संध्याकाळी पारावर बैठक बसली. हाताला पट्टी बांधून ती उभी होती. कुणीतरी म्हणालं, असल्या वाऱ्यात काडी ओढतंय का कुणी? ती म्हणाली, "फळ्यावर तसलं काई नव्हतं. म्या वाचलंय सकाळी." सगळ्यांनी फळ्याकडं बघितलं. सकाळी तो वाचलेला दुसरा माणूसच गावात नव्हता. ती जवळ गेली. डावं बोट हवेत धरलं. "जा-ळ क-रू न-का." एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. मग वळून माझ्याकडं बघितलं.

मी सकाळी तिथंच उभा होतो, हे ती सांगेल म्हणून मी वाट बघत होतो. खरंच बघत होतो. सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, ते मला माहीत नाही. तिनं सांगितलं नाही. का नाही, तेही मला आजवर कळलेलं नाही.

मीच बोललो. अगदी मायेनं बोललो. म्हणालो, "तिला बोलू नका. घाईत वाचलं असंल. अजून अक्षर कच्चंय तिचं."

अप्पा म्हणाले, "गुर्जी कामून खोटं बोलतील?" आणि विषय संपला. कौसाबाई खाली बघत म्हणाली, "माझंच चुकलं असंल." भरपाई म्हणून वर्षभर तिचं रान अप्पांनी पेरायचं, असं आपसात ठरलं. तिनं मान हलवली. तिसऱ्या दिवशी थंडी पडली, मी सांगितली होती तशीच. लोक पुन्हा फळा वाचायला लागले.

रान तिला वर्षानं परत मिळालं. पण पुढच्या ग्रामसभेला रजिस्टर बायकांच्या रांगेत गेलं तेव्हा मी समोर खुर्चीवर होतो. शिपायानं तिला पेन दिलं. तिनं ते परत केलं आणि डावा अंगठा पुढं केला. "शाई आन बाबा. मला कुठं येतंय." भाजलेल्या हाताला पेन धरवत नसेल, असं मी मनाला सांगितलं. हात तर कधीच बरा झाला होता. त्याच हातानं ती खुरपायची.

मी गाव सोडून मुलाकडं आलो, तो तब्येतीमुळं असं सगळ्यांना वाटतं. वाटू दे. त्याआधी आणखी दोन वर्षं मी फळा लिहिला. कौसाबाई रोज थांबायची, पण बोट वर जायचं नाही. शेतात निघालेली, डोक्यावर पाटी, फळ्याकडं न बघता माझ्याकडं बघायची. एका वर्षी दिवाळीनंतर पुन्हा असाच वारा सुटला आणि मी पहिल्यापेक्षा दुप्पट मोठ्या अक्षरांत लिहिलं — जाळ करू नका. तीच सहा अक्षरं, सगळी मीच तिला शिकवलेली. ती त्यांच्यासमोर हातभर अंतरावर उभी होती.

"गुर्जी, काय लिवलंय आज? वाचून दावा. मला मेलीला नीट उमगत न्हाई."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी नीट ऐकलं, अजिबात नव्हता.

मी वाचून दाखवलं. तिनं "बरं" म्हटलं आणि ती रानाकडं गेली.