शोधूनही न सापडणारी पट्टी

आमचे धाकटे दीर रंगारी. कुणाकडे गेले की आधी भिंतीवरून हात फिरवणार, मग खुर्चीत टेकणार, आणि टेकले न टेकले तोच पुन्हा उठणार. सासूबाई म्हणतात, "याच्या पायाला भिंगरी आहे आणि हाताला भिंत."

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या दालनाला दुधी रंग भाऊजींनीच दिलेला. पण सायकली आणि सामानाच्या ढकलगाड्या घासून कोपऱ्यांचे टवके उडाले, आतलं काळपट सिमेंट दिसू लागलं. प्रत्येक टवका म्हणजे भाऊजींना स्वतःच्या अंगावरचा ओरखडा. शेवटी कमिटीने कॉर्नर गार्ड, म्हणजे कोपऱ्यांवर चिकटवायच्या काटकोनी पट्ट्या, निवडायचं काम त्यांच्याच गळ्यात घातलं.

घरात तेव्हा वेगळीच धुसफूस चालू होती. सासूबाईंची नजर अधू झालेली. तरी रोज सकाळी त्या एकट्या लिफ्टने खाली उतरायच्या, दालनातून उजवीकडे वळून मागच्या बाकावर उन्हात बसायच्या. आमचे हे म्हणायचे, "एकदा जरी धडपडलीस, तर एकटीनं जाणं बंद."

"मग कपाटातच ठेव मला, डांबराच्या गोळ्या घालून," सासूबाई म्हणायच्या.

भाऊजींच्या खिशात पट्ट्यांचे नमुने खुळखुळू लागले. एकच पट्टी सकाळी भिंतीला लावून बघ, भर दुपारी बघ, दिवे लागल्यावर बघ. दुकानात जुळलेला रंग आमच्या दिव्यांखाली पिवळट दिसायचा. जेवता जेवता काही आठवलं की हात धुऊन खाली पळायचे.

"भाऊजी, पट्टी पसंत करताय की सून?"

"वहिनी, तुम्हाला आईनं एका चहात पसंत केलं. ही भिंत आहे."

सेक्रेटरींना चकचकीत स्टील हवं होतं. "हे काय ऑपरेशन थिएटर आहे?" म्हणत भाऊजींनी ते उडवून लावलं. दारांच्या चौकटींसारखी गडद तपकिरी पट्टीही होती. ती बघून म्हणाले, "भिंतीला मिशा काढल्यासारखं दिसेल."

तिसऱ्या आठवड्यात हवा तसा दुधी रंग मिळाला. पट्ट्या बसवून मला खाली नेलं. "शोधा बघू!" खरोखरच सापडेनात. त्या दिवशी हा माणूस एका जागी बसून पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजीची पिशवी घेऊन सासूबाईंच्या मागून उतरले. भाऊजी पायरीवर बसून आपलं काम न्याहाळत होते. सासूबाई वळणाशी आल्या, घुटमळल्या, दोन पावलं पुढे गेल्या आणि खांदा कोपऱ्यावर आदळला.

"अगं, इथला कोपरा कुठे गेला?"

भाऊजी धावले. "आई, लागलं का?"

"लागलं नाही रे फार. पण इथं काळा टवका होता ना, मोठा? या पांढऱ्या पसाऱ्यात तेवढाच दिसायचा मला. तो आला की मी वळायचे. कुणा मेल्यानं बुजवला?"

सासूबाई खांदा चोळत हळूच म्हणाल्या, "दादाला सांगू नकोस. माझं खाली येणं बंद करेल."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी कुठे काय पाहिलं? मी पिशवी झटकत होते."

त्याच दुपारी त्यांनी तीन आठवड्यांची मेहनत पात्यानं खरवडून काढली आणि चारही कोपऱ्यांना तपकिरी पट्ट्या चिकटवल्या. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, मिशा ना या?"

"असू देत. चौकटींना शोभतात," भाऊजी मान वर न करता म्हणाले. आणि खरं सांगायचं तर शोभत होत्याच.

तिसऱ्या दिवशी भाऊजी खांबाआड उभे. बोटांची सारखी उघडझाप. सासूबाई लिफ्टमधून बाहेर आल्या, चालत राहिल्या, कोपरा दोन हातांवर असताना थांबल्या. त्या अलगद वळल्या.

"खांबामागचे रंगारी," मागे न बघताच त्या म्हणाल्या, "पट्टी झक्क आहे. पण जराशी तिरकी बसली आहे हं."

भाऊजी ओळंबा आणायला धावले. सासूबाई बाकावर टेकून खुदुखुदु हसत होत्या.